केळफूल काळं पडलं तेव्हा

"मिठाला हात लावू नका!"

यमूमावशी एवढ्या जोरात ओरडल्या, की मूठ भरलेला माझा हात हवेतच राहिला. समोर चरावर, जमिनीत खणलेल्या लांब चुलीवर, आमटीचं पातेलं रटरटत होतं. मावशी मघाशी "अजून मीठ पडायचंय" असं पुटपुटल्या होत्या आणि मिठाची बरणी नेमकी माझ्या शेजारी होती, म्हणून मी आपला पुढं झालो होतो.

"अहो, थोडंसंच—"

"थोडंसं नाही नि जास्त नाही. या रांधपात मीठ फक्त अण्णा घालतात. मी घालत नाही, ही वैजू घालत नाही. दोन हातांनी मीठ पडलं, की पाचशे माणसांचं जेवण समुद्रात."

मी मूठ बरणीत रिकामी केली. पलीकडं वैजयंती खवणीवर नारळ खवत बसली होती. ती मान खाली घालून हसत होती, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मलाही हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. त्या रांधपात, लग्नघरच्या त्या स्वयंपाकात, मी पाहुणा नव्हतो, उमेदवार होतो.

ही गोष्ट नागावची, अलिबागजवळची, आणि आता चाळीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पुण्यात जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होतो आणि वैजयंती उकिडवे आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात होती. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून मी इतकी पुस्तकं नेली आणि परत केली, की माझे मार्गदर्शक मला अभ्यासू समजायला लागले. शेवटी एकदाचं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "माझं हो आहे. पण अण्णांना भेटावं लागेल. आणि अण्णांना भेटायचं म्हणजे चुलीपाशी."

दामुअण्णा उकिडवे हे तिचे वडील. आचारी. रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत लग्न-मुंज असली की पहिली सुपारी गणपतीला आणि दुसरी अण्णांना. वैजूची आई तिच्या लहानपणीच गेलेली, घर सांभाळलं ते यमूमावशींनी, आईच्या धाकट्या बहिणीनं. मी माझी पदवी, पगार, गोत्र सगळं पाठ करून गेलो होतो. अण्णांनी यांतलं काहीच विचारलं नाही.

"लग्नसराई आहे हो टेंबे," ते म्हणाले. "या दिवसांत मी दुसऱ्यांची लग्नं शिजवतो, घरातल्या लग्नाचं बोलत नाही. ओकांच्या वाडीत कार्य आहे. आलात तर राहा. पण रांधपात आलेल्या माणसाला नुसतं बसता येत नाही, हात चालवावा लागतो. कार्य पार पडलं, की तुमचं काय ते बघू."

तर मी हात चालवत होतो. विहिरीचं पाणी ओढलं, नारळ सोलले, लाकडं फोडली, एका लाकडानं मलाही थोडं फोडलं. अण्णा काही बोलायचे नाहीत. येता-जाता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे आणि पुढं जायचे. माझा निकाल त्या कोपऱ्यात कुठंतरी लागत होता आणि मला तो वाचता येत नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी सीमांतपूजन होतं. वऱ्हाड नागपूरहून यायचं होतं. वरपिता करंदीकर मूळचे इकडचेच, पण तीस वर्षं नागपुरात. त्यांनी ओकांना आधीच निरोप धाडला होता, की बाकी काही करा न करा, पहिल्या जेवणाला दामुअण्णांच्या हातची केळफुलाची भाजी पाहिजे. अण्णांची केळफुलाची भाजी पांढरी व्हायची. इतरांची पिवळट, तपकिरी, कुणाची तर राखेच्या रंगाची, पण अण्णांची पांढरी. त्याची कीर्ती होती पंचक्रोशीत, आणि अण्णांना ती चांगली ठाऊक होती.

सकाळपासून आळीतल्या बायका जमल्या होत्या. हाताला तेल लावून केळफुलं सोलत होत्या. वरची जांभळी पानं काढायची, आतल्या एकेका कळीतला कडक दांडा आणि पापुद्रा उपटायचा, मग विळीवर बारीक चिरायचं आणि चिरलेलं तत्काळ ताकात टाकायचं. जेवणाला लागायचा बर्फ आणायला अण्णा टेंपो घेऊन अलिबागला गेले होते. सगळं कसं झकास चाललं होतं. गाणी चालली होती, नवरीची थट्टा चालली होती, अधूनमधून माझीही.

"यमे, ताक आण गं," कुणीतरी म्हणालं. "पहिला वाटा चिरून झाला."

मावशी आत गेल्या आणि रिकामी कळशी घेऊन बाहेर आल्या. चेहरा पडलेला.

"मांडववाली पोरं उन्हात नुसती भाजत होती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, ताक प्या. एक कळशी दिली, ती संपली म्हणून दुसरीपण दिली. ही केळफुलासाठी आंबट करून ठेवलेली होती गो! प्यायले की मेले. तोंडसुद्धा वाकडं केलं नाहीन् कुणी."

सगळ्या हसल्या, पण लगेच गप्पही झाल्या. कारण परातीतल्या चिरलेल्या केळफुलाच्या कडा चहाच्या रंगाच्या व्हायला लागल्या होत्या.

"लिंबं आहेत की," वैजयंती म्हणाली. "लिंबाच्या पाण्यात टाकू."

इथं मी तोंड उघडलं. तीन दिवस पाणी ओढणाऱ्या माणसाला अचानक स्वतःचा विषय सापडला, की तो काय गप्प बसतो? हे केळफूल ज्याच्यामुळं काळं पडतं, त्याच विकरावर, एन्झाइमवर, मी पुण्यात तीन वर्षं घालवली होती.

"मावशी, ताक नको नि लिंबूही नको," मी म्हणालो. "हे का काळं पडतं माहीत आहे का?"

"हवा लागून," मावशी म्हणाल्या.

"बरोबर! पण नुसत्या हवेनं नाही. केळफुलात फिनॉल नावाचा पदार्थ असतो एका कप्प्यात, आणि एक विकर असतं दुसऱ्या कप्प्यात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. अख्खं केळफूल असतं तोवर दोघांची गाठ पडत नाही. तुम्ही सुरी लावली, की मधली भिंत फुटते. मग हे विकर हवेतला ऑक्सिजन धरतं, तो फिनॉलशी जुळवून देतं, त्याचं होतं क्विनोन, आणि ती क्विनोनं एकमेकांना चिकटून काळा रंग. विकर स्वतः मात्र जसंच्या तसं. एक जोडी झाली, की दुसरीकडं."

मावशींनी विळीवरून माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे भटजीच की रे मेला! दोघांना अंतरपाटापाशी उभं करायचं, लावून द्यायचं, नि आपण कोरडेच्या कोरडे पुढच्या मांडवात."

मी आजवर विद्यार्थ्यांना शेकडो वेळा विकर समजावलं आहे. याहून चांगलं मला कधी जमलं नाही.

"अगदी तेच," मी म्हणालो. "आणि त्याच्या पोटात तांबंसुद्धा असतं."

"मग काय! पळी-पंचपात्र घेऊनच बसलेत." बायका फिदीफिदी हसायला लागल्या. "तर काय करायचं या भटजीचं?"

"उकळत्या पाण्यात घालायचं. विकर उकळलं, की त्याचा आकार बिघडतो आणि कायमचं निकामी होतं. लिंबू, ताक हे त्याला नुसतं गप्प बसवतं. उकळतं पाणी कामच तमाम करतं. भाजी ताकाहून पांढरी होईल."

मावशी कचरल्या. "अण्णांना विचारल्याबिगर..."

"अण्णा तासाभरानं येणार, तोवर हे काळं होईल," वैजयंती म्हणाली. खवणी बाजूला सारून ती उठली. "मावशी, मी सांगत्ये ना. यातलं त्याला कळतं."

तिनं हे असं चारचौघींत म्हटलं आणि मला अंगभर आनंद झाला. तो आनंद थोडा कमी झाला असता, तर मी जरा विचार केला असता.

चरावर मोठा हंडा चढलेला होताच. पाणी खळाखळा उकळत होतं. मी बायकांना भराभर चिरायला लावलं आणि चिरलेलं सगळं केळफूल, परातीच्या पराती, एकदम हंड्यात लोटलं. लाकडी उलथनं घेतलं आणि ढवळायला लागलो. अगदी तळापासून वर, उत्साहानं.

उकळी थांबली. आपोआप थांबणारच, असं मी मनाशी म्हणालो. येईल परत. लाकडं सरकवली. ओली निघाली. धूर झाला. केळफुलाचा ढीग पाण्याच्या वर डोंगरासारखा आला होता आणि मी तो वरखाली करत होतो. मावशींनी बोट बुडवून पाहिलं.

"बाळाच्या आंघोळीचं झालंय हो पाणी," त्या म्हणाल्या.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, नको त्या वेळी. पुण्यात मी हे सगळं बोटाएवढ्या काचेच्या नळीत करत होतो. थेंबभर अर्क, आणि भोवती उकळतं पाणी. इथं मी हंडाभर गार केळफूल टाकून उकळत्या पाण्याचंच कोमट पाणी केलं होतं. आणि कोमट पाणी म्हणजे या विकराची आवडती जागा, तिथं त्याच्या अंगात येतं. वर मी ढवळून ढवळून त्याला हवा पुरवत होतो. भटजी मरायचे राहिले बाजूलाच, मी त्यांना सामुदायिक विवाहाचा मांडव घालून दिला होता.

तपकिरी. मग करडं. मग काळं. आमच्या डोळ्यांदेखत.

सीमांतपूजनाच्या पानात, लग्नघरात, काळी भाजी! उकळी आली शेवटी, पण आता तिचा काय उपयोग? मी वैजयंतीकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, ती वाडीच्या फाटकाकडं बघत होती. तिथं टेंपो थांबला होता आणि पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन अण्णा आत येत होते.

त्यांनी लादी भुशात ठेवली, पंच्यानं हात पुसले आणि हंड्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

"मी सांगितलं म्हणून केलंन् त्यानं," वैजयंती म्हणाली.

"ताक मी पाजलं," मावशी म्हणाल्या.

अण्णांनी तिघांकडं एकेकदा पाहिलं. "एका हंड्याला तीन आचारी," ते म्हणाले. "मग अजून काय व्हायचं?"

त्यांनी झाऱ्यानं थोडं केळफूल उचललं, फुंकर मारली, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आपली गाडी संध्याकाळची पकडायची का उद्या सकाळची, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"टेंबे, हे खाल्ल्यानं बाधेल काही?"

"नाही. नुसता रंग आहे तो. बाकी काही नाही."

"चव गेलेली नाही," ते म्हणाले. "तुरटपणा उलट कमी झालाय. वैजू, उद्याच्या वाटल्या डाळीची डाळ भिजली का गं?"

"भिजलीय."

"ती इकडं घे. उद्याची पुन्हा भिजवू. हे घट्ट पिळायचं, डाळीबरोबर भरड वाटायचं. मिरची, आलं, ओलं खोबरं. वडे करायचे. तेलातून निघालं, की आत काय रंग होता ते कोण विचारतोय?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाटा तिकडं आहे. वाटा."

मी वाटलं. असं वाटलं, की दंडाला दुसऱ्या दिवशी पुस्तक उचलवेना. अण्णा शेजारी चौरंगावर बसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला निवांतपणे प्रश्न विचारला. "आता सांगा. काळं का पडलं?"

मी सांगितलं. भटजींसकट सगळं सांगितलं. माझ्या काचेच्या नळीबद्दल सांगितलं आणि हंड्याबद्दलही. अण्णा ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांबा. कढईत एकदम शंभर वडे सोडले, की तेल गार पडतं आणि वडे तेल पितात. तसंच ना?"

मी वरवंटा थांबवला. "अगदी तसंच!"

"म्हणजे तुमचं शास्त्र खरं होतं, घाणा मोठा झाला."

"हो."

अण्णा मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो. वैजूसारखेच खांदे हलत होते. "मग करून दाखवा," ते म्हणाले. "चार केळफुलं शिल्लक आहेत सोलायची. लहान पातेलं घ्या. माझ्यासमोर करा."

या वेळी मी लहान पातेल्यात पाणी घेतलं आणि धडधडती उकळी आणली. वैजयंती चिरत होती, मी मूठ-मूठ सोडत होतो. एक मूठ गेली, उकळी मोडली नाही. दुसरी गेली, तरी मोडली नाही. झाऱ्यानं काढून गार पाण्यात. अण्णांनी वाकून पाहिलं. केळफूल फिकट, स्वच्छ, जसं चिरलं तसंच होतं. त्यांनी ते बोटांत धरून उन्हात नेलं, उलटसुलट केलं, मावशींना दाखवलं.

"ताकाचा वास नाही याला," ते म्हणाले. "यमे, बघ. नुसता केळफुलाचा वास आहे." लहान मुलाला भोवरा फिरवता आल्यावर होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "व्याह्यांच्या वाटीपुरती भाजी होईल याची. त्यांचाही शब्द राहील."

तोवर ऊन कलायला आलं होतं. वाटण तयार झालं, परातीत डोंगर उभा राहिला. चरावर तेल तापलं. सगळ्या हात बांधून उभ्या राहिल्या, कारण आता अण्णा मीठ घालणार होते. मावशींनी बरणी आणून त्यांच्यापुढं धरली.

अण्णांनी बरणीकडं पाहिलं. मग ते परातीपासून एक पाऊल मागं झाले.

"टेंबे," ते म्हणाले, "मीठ घाला."

मावशींनी बरणी माझ्याकडं वळवली. मला वाटलं, ही शिक्षा आहे. काळं मी केलं, आता खारट झालं तर तेही माझ्याच माथी. "मी नको," मी म्हणालो, "मला अंदाज नाही."

"वाटलंय कुणी? मग अंदाज तुम्हालाच."

मी मूठ भरली. थोडं मीठ परत बरणीत टाकलं. पुन्हा थोडं घेतलं. उरलेलं परातीवर पसरलं. वर पाहिलं तर मावशी पदरानं डोळे पुसत होत्या आणि वैजयंती लाल झाली होती, चराच्या उष्णतेनं माणसं होतात त्याहून जास्त. एवढं काय झालं, मला कळेना.

वऱ्हाड आलं, पूजन झालं, पंगत बसली. करंदीकरांच्या पानात अण्णांनी स्वतः पांढऱ्या भाजीची वाटी ठेवली आणि बाकी सगळ्यांना गरम वडे. करंदीकर भाजी खाऊन खूश झाले, डोलले, नागपुरात काय मिळत नाही ते शेजाऱ्याला सांगायला लागले. सांगता सांगता शेजाऱ्याच्या पानातल्या वड्याकडं बघायला लागले.

"हे कसले हो?"

"केळफुलाचेच."

"मग आम्हाला का नाही?" त्यांचा आवाज इतका दुखावलेला होता, की मुलीकडची माणसं धावली. त्यांनी एक वडा खाल्ला. मग पाच खाल्ले. मग वाढप्याला पानापाशीच बसवून घेतलं. आत रांधपात मी आणि वैजयंती घाण्यावर घाणे काढत होतो. लहान घाणे, हे सांगायला नकोच.

"तुला कळलं का मघाशी काय झालं?" ती कढईकडं बघत म्हणाली.

"काय झालं? मीठ घातलं."

"ही आचारीकी अण्णांची नाही रे. माझ्या आजोबांची, आईच्या वडिलांची. अण्णा इथं पाणी भरायला म्हणून आले होते. आजोबाही कुणाला मिठाला हात लावू द्यायचे नाहीत. एके दिवशी एका मुंजीत सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाले, दामू, मीठ घाल." ती थांबली. "पुढच्या महिन्यात आईचं नि त्यांचं लग्न झालं. त्यानंतर आजपर्यंत या रांधपात दुसऱ्या कुणी मीठ घातलेलं नाही."

माझ्या हातातला झारा कढईत पडला. तेल उडालं, मावशी ओरडल्या, हाताला फोड आला. मला काही कळलं नाही. मी वेड्यासारखा हसत उभा होतो आणि तीही हसत होती, आणि दोघांच्या मध्ये वडे करपत होते.

शेवटची पंगत उठल्यावर अण्णा जेवायला बसले. त्यांनी वडा मोडला, आतला काळा रंग निरखला, घास घेतला. मी समोर उभा.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी मला हात धरून शेजारी बसवलं आणि माझ्यासाठी पान मांडायला सांगितलं.

"कमी असलेलं चालतं. वरून घेता येतं. जास्त घालणाऱ्याला मी मुलगी दिली नसती." त्यांनी अर्धा वडा माझ्या पानात ठेवला. "आईवडिलांना घेऊन ये रे निरंजन. ज्येष्ठात मुहूर्त आहेत."

ते वडे पुढं अण्णांच्या प्रत्येक कार्यात झाले. लोक त्यांना जावईवडे म्हणायचे. मुद्दाम कोमट पाण्यात काळं केलेल्या केळफुलाचे ते होतात, हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आता अण्णाही नाहीत, मावशीही नाहीत. आमच्या घरी मीठ अजून मीच घालतो आणि वैजयंती माझ्यादेखत वरून चिमूटभर घालते. केळफूल आणलं, की मात्र ती काही बोलत नाही. विळीशेजारी फक्त एक लिंबू आणून ठेवते.